तीन एप्रिल की चार मार्च? कॅलेंडरातल्या उलट्या तारखांचा आढावा

कॅलेंडरात तारीख उलटी दिसते अशी तक्रार केली की बहुतेक ठिकाणी एकच औषध सांगितले जाते: सेटिंगमध्ये जा, रिजन 'इंडिया' करा, बंद करून पुन्हा सुरू करा. पुष्कळदा त्याने काम होतेही. पण कित्येकदा त्या औषधाने दुखणे नुसते झाकले जाते. ३ एप्रिलची बैठक आधीच ४ मार्चला जाऊन बसलेली असते; रिजन बदलल्यावर ती ०४/०३ अशी आपल्या ओळखीच्या क्रमाने, अगदी नीटनेटकी दिसू लागते आणि आता सगळे ठीक झाले असे वाटते. तक्रार मिटते, चूक तशीच राहते. ही गफलत होण्याचे कारण असे की तारखेची मांडणी दोन वेगळ्या कामांसाठी वापरली जाते. संगणकाला माहीत असलेला दिवस माणसाला दाखवणे हे एक काम, आणि माणसाने किंवा दुसऱ्या प्रोग्रामने लिहिलेले आकडे वाचून तो दिवस कुठला हे ठरवणे हे दुसरे. प्रादेशिक सेटिंगचा अधिकार पहिल्या कामापुरताच असायला हवा. दुसऱ्या कामात तिला घुसू दिले की आजाराला सुरुवात होते, असे माझे म्हणणे आहे. आजवरचा अनुभव, मानके आणि लोकप्रिय प्रोग्रामांची घडण यांतून या म्हणण्याला काय आधार मिळतो आणि कुठे ते अडखळते, ते पाहू.

आधी जगाच्या रिती. दिवस, महिना, वर्ष हा क्रम भारतासह जगातल्या बहुतेक देशांत चालतो. महिना, दिवस, वर्ष हा मुख्यतः अमेरिकेचा. वर्ष आधी लिहिण्याची पद्धत चीन, जपान, कोरिया, हंगेरी, लिथुआनिया, स्वीडन अशा देशांत आहे. कॅनडात तिन्ही चालतात, आणि तिथे आलेल्या नव्या माणसाने कुठल्याही फॉर्मवर तारीख लिहिण्याआधी चौकटीखालची बारीक अक्षरे वाचलेली बरी. वर्षाचे आकडेही सगळीकडे सारखे नाहीत. थायलंडच्या बौद्ध शकात ५४३ मिळवावे लागतात, म्हणून फोनमधले कॅलेंडर बौद्ध पद्धतीवर गेले की २०२५ चे २५६८ होते. जपानमध्ये १ मे २०१९ रोजी 'रेइवा' हे नवे युग सुरू झाले आणि त्यासाठी जगभरच्या प्रोग्रामांना दुरुस्त्या द्याव्या लागल्या. मराठी वाचकाला मात्र या वैविध्याचा पुरावा बाहेर शोधायला नको. आपली वर्तमानपत्रे '२६/११' आणि '९/११' हे दोन्ही बेधडक छापतात. पहिल्यात दिवस आधी, दुसऱ्यात महिना आधी, आणि तरी कुणाचा गोंधळ होत नाही, कारण त्या दिवशी काय घडले हे आपल्याला आकड्यांच्या बाहेरून ठाऊक असते. संगणकाला ते बाहेरचे ज्ञान नसते. त्याच्यापुढे '९/११' एवढेच येते, आणि ते ९ नोव्हेंबर की ११ सप्टेंबर हे त्याला कुणीतरी सांगावे लागते.

हा गोंधळ किती दिवसांपुरता आहे, ते मोजता येते. दिवस आणि महिना हे दोन्ही आकडे बारापर्यंतचे असतील तरच तारीख दोन्ही बाजूंनी वाचता येते. अशा तारखा वर्षात १४४. त्यांतल्या १/१, २/२ पासून १२/१२ पर्यंतच्या बारा उलटल्या तरी तिथेच राहतात. म्हणजे खऱ्या अर्थाने फसव्या तारखा १३२. उरलेल्या २२१ तारखांत दिवसाचा आकडा १३ किंवा त्याहून मोठा असल्याने त्या स्वतःच आपली बाजू सांगतात. बिघाड शोधताना या हिशेबाचा फार उपयोग होतो. एखाद्या यादीतल्या महिन्याच्या १३ तारखेनंतरच्या नोंदी बरोबर आणि पहिल्या बारा दिवसांच्या नोंदी भलत्याच महिन्यांत विखुरलेल्या आढळल्या, तर दुसरा पुरावा लागत नाही: कुठेतरी कुणीतरी उलट्या क्रमाने वाचले आहे. उलट सगळ्याच नोंदी, २५ तारखेचीसुद्धा, अमेरिकी क्रमाने दिसत असतील पण आपापल्या दिवशीच असतील, तर ती फक्त दाखवण्याची गोष्ट आहे आणि वर सांगितलेले औषध तिला लागू पडते. म्हणून दुरुस्तीला हात घालण्याआधी विचारायचा प्रश्न एकच: तारीख वेगळी दिसते आहे, की वेगळी झाली आहे? आणि त्याचे उत्तर १३ च्या पुढची आणि १३ च्या आतली अशा दोन नोंदी उघडल्या की मिळते. महाराष्ट्रात चाचणीसाठी हुकमी दिवसही आहेत. महाराष्ट्र दिन ५ जानेवारीला किंवा जिजाऊंची जयंती १ डिसेंबरला दिसू लागली, तर वाचणाऱ्याने घोळ घातला आहे हे निश्चित.

दिसणे आणि असणे यांतला हा भेद पंचांग पाळणाऱ्या समाजाला नवा नाही. गोकुळाष्टमी महाराष्ट्रात श्रावण वद्य अष्टमीला येते आणि उत्तर भारतात भाद्रपद कृष्ण अष्टमीला. आपण अमान्त महिने मोजतो, ते पौर्णिमान्त. दिवस तोच, चंद्र तोच, उपासही त्याच दिवशी. फक्त त्यावर लावलेली चिठ्ठी प्रांताप्रमाणे बदलते. संगणकातली चांगली व्यवस्था नेमकी अशीच चालते. कॅलेंडरच्या नोंदी एका प्रोग्रामातून दुसऱ्यात नेण्यासाठी जी आयकॅलेंडर पद्धत वापरतात, ती १९९८ मध्ये मांडली गेली आणि २००९ मध्ये सुधारून आरएफसी ५५४५ या नावाने प्रसिद्ध झाली. तिच्यात ३ एप्रिल २०२५ ही तारीख २०२५०४०३ अशी सलग आठ आकड्यांत लिहितात. पाठवणारा पुण्यातला असो वा न्यू जर्सीतला, फाइलमध्ये हेच आठ आकडे जातात आणि ज्याच्या त्याच्या पडद्यावर ज्याच्या त्याच्या रितीने उमटतात. त्यामुळे ईमेलने आलेले बैठकीचे आमंत्रण सहसा उलटत नाही. तक्रारी येतात त्या बहुधा हाताने टाइप केलेल्या, मजकुरातून उचललेल्या किंवा तक्त्यातून आणलेल्या तारखांबद्दल. माझ्या मुद्द्याला हा सगळ्यात बळकट आधार वाटतो: जिथे वाचण्याचा क्रम फाइलनेच ठरवून दिला आहे, तिथे रिजन काहीही असो, बिघाड होत नाही.

दाखवण्याच्या बाजूचे बिघाड निरुपद्रवी असले तरी सोडवायला कटकटीचे असतात, कारण सेटिंग एका जागी नसते. विंडोजमध्ये पडद्यावरची भाषा वेगळी, देश वेगळा आणि 'रिजनल फॉरमॅट' वेगळा. भाषा अमेरिकी इंग्रजी ठेवून फॉरमॅट भारताचा निवडता येतो, आणि नव्या लॅपटॉपवर पहिल्यांदा तेच करावे लागते, कारण इंग्रजी निवडताना यादीतले पहिले दिसणारे इंग्रजी घेऊन पुढे जाण्याची आपली सवय. डेस्कटॉपवरचे जुने आउटलुक विंडोजचा फॉरमॅट उचलते. ब्राउझरमधले आउटलुक ते न पाहता मेलबॉक्सच्या स्वतःच्या सेटिंगप्रमाणे वागते. म्हणून एकाच माणसाची एकच बैठक एकाच मशीनवर दोन क्रमांनी दिसू शकते आणि दोन्ही ठिकाणी ती बरोबरच असते. गूगल कॅलेंडरला मशीनच्या फॉरमॅटशी देणेघेणे नाही. त्याच्या सेटिंगमध्ये भाषा, देश आणि तारखेचा क्रम हे वेगवेगळे निवडायचे असतात आणि ते खात्याला चिकटतात. लिनक्सवर 'एलसी टाइम' नावाचा एक चल तारखेची रीत ठरवतो. वर्ष आधी हवे असलेले लोक तिथे बरीच वर्षे 'डेन्मार्कचे इंग्रजी' निवडत आले, कारण लिनक्सच्या जुन्या साठ्यात त्या नावाखाली वर्ष-महिना-दिवस अशी मांडणी आहे. पण थंडरबर्डसारखे प्रोग्राम युनिकोडच्या सीएलडीआर या साठ्याकडे वळले आणि तिथे डेन्मार्कच्या इंग्रजीत दिवस आधी येतो. नाव तेच, साठा वेगळा, म्हणून क्रम वेगळा. थंडरबर्डमध्ये तारीख प्रोग्रामच्या भाषेप्रमाणे दाखवायची की मशीनच्या प्रादेशिक सेटिंगप्रमाणे, असा उघड पर्याय दिलेला आहे. इतरांनीही तो द्यायला हरकत नव्हती.

ब्राउझरमधली तारखेची चौकट हे याच बाजूचे, पण शिकवणारे उदाहरण. वेबपानावर तारीख निवडायची जी तयार चौकट असते, ती पान मराठीत आहे की इंग्रजीत याकडे लक्ष देत नाही. ब्राउझरची किंवा मशीनची भाषा पाहून क्रम ठरवते. त्यामुळे पूर्ण मराठी अर्जात मधेच अमेरिकी क्रमाची चौकट येते आणि अर्ज भरणारा अर्ज बनवणाऱ्याला शिव्या घालतो. गंमत अशी की बटण दाबल्यावर ती चौकट सर्व्हरला कायम वर्ष-महिना-दिवस याच क्रमाने तारीख पाठवते. म्हणजे व्यवस्था आतून बिनचूक आहे. धोका एवढाच, की भरणारा सवयीने दिवस आधी टाइप करतो. आकडा बारापर्यंतचा असेल तर चौकट तो मुकाट्याने महिना म्हणून घेते. दाखवणारी आणि वाचणारी जागा एकच झाली की दाखवण्याच्या सेटिंगची चूक अशी वाचण्यात उतरते. कॅलेंडर प्रोग्रामांनी छोटा महिना उघडून त्यावर बोट ठेवायची सोय दिली, तिचे खरे मोल इथे आहे.

आता वाचण्याची बाजू, जिथे नुकसान होते. शाळेचे वेळापत्रक, सोसायटीच्या सभा, कंपनीच्या सुट्ट्या असे काही कॅलेंडरात भरायचे असले की लोक ते आधी एक्सेलमध्ये लिहितात, सीएसव्ही म्हणून जतन करतात आणि मग कॅलेंडरात आणतात. सीएसव्ही म्हणजे स्वल्पविरामांनी तोडलेला साधा मजकूर. त्यात '०३/०४/२०२५' एवढेच असते, ती कुठल्या रितीची तारीख आहे हे सांगायला जागा नसते. ती फाइल दुहेरी क्लिकने एक्सेलमध्ये उघडली की एक्सेल मशीनच्या प्रादेशिक सेटिंगला विचारते आणि वाचून मोकळे होते. सेटिंग अमेरिकी असेल तर ०३/०४ चे ४ मार्च होते आणि २५/०३ चे काहीच होत नाही, कारण पंचविसावा महिना नसतो. ती नोंद नुसता मजकूर म्हणून पडून राहते. इथे नजरेला कळणारी एक खूण आहे. एक्सेल तारखांना सेलच्या उजव्या कडेला लावते आणि मजकुराला डाव्या. एकाच कॉलममधल्या तारखा काही उजवीकडे, काही डावीकडे अशा विस्कटलेल्या दिसल्या, तर उजवीकडच्या उलटल्या आहेत असे समजून चालावे. बहुतेक लोक नेमके उलटे करतात. डावीकडच्या 'बिघडलेल्या' समजून हाताने सुधारतात आणि उजवीकडच्या 'चांगल्या' तशाच ठेवतात.

यावर सेल फॉरमॅट बदलून इलाज होत नाही, आणि हेच लोकांना पटत नाही. एक्सेल तारीख साठवते ती दिवसांच्या मोजणीने: १ जानेवारी १९०० हा पहिला दिवस, तिथून पुढे एकेक. (१९०० हे लीप वर्ष नव्हते, पण ते तसे धरणाऱ्या लोटस १-२-३ या जुन्या प्रोग्रामशी जुळावे म्हणून एक्सेलने ती चूक मुद्दाम जपली आहे.) एकदा ४ मार्चचा अनुक्रमांक पडला की मूळचे आकडे संपले. फॉरमॅट कितीही फिरवला तरी तो ४ मार्चच वेगवेगळ्या वेषात दाखवत राहतो. खरा मार्ग मूळ फाइलकडे परत जाण्याचा आहे. डेटा मेन्यूतून ती आणायची किंवा 'टेक्स्ट टू कॉलम्स' वापरायचे, आणि त्यातल्या तारखेच्या पर्यायात 'डीएमवाय' निवडायचे. हा पर्याय प्रदेश विचारत नाही. फाइलमधल्या आकड्यांचा क्रम विचारतो. प्रश्न असाच विचारायला हवा. शेवटी कॅलेंडरात आणताना त्या प्रोग्रामची अपेक्षा पाहायची. गूगल कॅलेंडरच्या मदत-पानावर सीएसव्हीचे जे उदाहरण दिले आहे, ते महिना आधी धरून दिलेले आहे. भारतीय क्रमाची यादी तशीच ढकलण्याआधी दोन-तीन ओळींची चाचणी फाइल वेगळ्या रिकाम्या कॅलेंडरात आणून पाहावी. फसली तर ते अख्खे कॅलेंडर पुसता येते. चालू कॅलेंडरात दोनशे नोंदी सांडल्या, तर त्या एकेक करून वेचाव्या लागतात.

अंदाजाने वाचण्याची किंमत किती असू शकते, याचा सर्वांत गाजलेला पुरावा जीवशास्त्रातला आहे. 'सेप्ट१', 'मार्च१' अशा नावांची जनुके एक्सेलमध्ये लिहिली की ते त्यांना १ सप्टेंबर आणि १ मार्च करून टाकते. २०१६ मध्ये 'जीनोम बायॉलॉजी' या नियतकालिकात आलेल्या पाहणीत, एक्सेलमधल्या जनुक-याद्या जोडलेल्या शोधनिबंधांपैकी सुमारे पाचव्या हिश्श्यात असे घोटाळे आढळले. २०२० मध्ये मानवी जनुकांची नावे ठरवणाऱ्या समितीने हात टेकले आणि त्या जनुकांची नावेच बदलून 'सेप्टिन१', 'मार्चएफ१' अशी केली. एक्सेलमध्ये हे आपोआप रूपांतर बंद करण्याचा पर्याय आला तो २०२३ मध्ये. हा प्रश्न प्रादेशिक क्रमाचा नाही हे खरे, पण मूळ खोड तीच: मजकूर दिसला की विचारल्याशिवाय त्याची तारीख करणे.

उलटलेल्या तारखेशी हमखास गल्लत होते ती एक दिवसाने सरकलेल्या तारखेची. तिचे कारण रिजन नसून टाइमझोन असतो, आणि रिजन बदलत बसणाऱ्याचा दिवस फुकट जातो. भारतातली मध्यरात्र म्हणजे जागतिक वेळेनुसार आदल्या दिवशीचे १८:३०. एखाद्या प्रोग्रामने '३ एप्रिल' या पूर्ण दिवसाच्या नोंदीला भारतातली मध्यरात्र जोडली, ती जागतिक वेळेत बदलली आणि मग फक्त तारखेचा भाग कापून घेतला, तर हाती २ एप्रिल येतो. फाइलमध्ये '१८:३०' दिसले की समजावे, हा भारतीय मध्यरात्रीचा माग आहे. जुन्या आउटलुकमध्ये पूर्ण दिवसाची नोंद मध्यरात्र ते मध्यरात्र अशी साठवली जाते. म्हणून पुण्यात नोंदवलेला वाढदिवस अमेरिकेत गेल्यावर दोन दिवसांवर पसरलेला दिसतो. परदेशी गेलेल्या मराठी घरांत याचा अनुभव नवा नसावा. आयकॅलेंडरमध्ये वेळ नसलेली नुसती तारीख लिहायची स्वतंत्र सोय आहे, तिला टाइमझोन लागत नाही. मात्र तिथेही एक मेख आहे: ३ ते ५ एप्रिलच्या शिबिराची अखेर ६ एप्रिल अशी लिहावी लागते, कारण अखेरचा दिवस त्यात मोजत नाहीत. हे न पाळणारा प्रोग्राम शिबिर एक दिवसाने छाटतो किंवा लांबवतो. आणखी एक विरळा प्रकार म्हणजे सगळ्या तारखा चार वर्षे एक दिवसाने सरकणे. मॅकवरच्या जुन्या एक्सेल फाइली १९०४ पासून दिवस मोजत, त्यांचा हा १४६२ दिवसांचा फरक.

माझ्या मुद्द्याला खरा धक्का बसतो तो आठवड्यापाशी. आठवडा रविवारी सुरू होतो की सोमवारी, ही तर नुसती दाखवण्याची आवड वाटते. सीएलडीआरच्या साठ्यात भारताचा आठवडा रविवारी सुरू होतो, बहुतेक युरोपाचा सोमवारी. कॅलेंडरचा एक कॉलम इकडून तिकडे गेला, त्यात बिघडले काय? पण आरएफसी ५५४५ मध्येच याचे उत्तर देणारे उदाहरण आहे. ५ ऑगस्ट १९९७, मंगळवार, इथून सुरुवात. एक आठवडा सोडून एक, मंगळवारी आणि रविवारी. एकूण चार वेळा. आठवडा सोमवारी सुरू धरला तर तारखा येतात ५, १०, १९ आणि २४ ऑगस्ट. रविवारी धरला तर ५, १७, १९ आणि ३१. नियम शब्दशः तोच, दिवस मात्र निराळे. म्हणजे प्रादेशिक सवय इथे थेट अर्थात शिरते, नुसत्या दिसण्यात राहत नाही. हे मान्य करूनही मानकाने काढलेली वाट माझ्या बाजूने जाते: आठवड्याची सुरुवात त्या नोंदीतच लिहायची, आणि लिहिली नसेल तर सगळ्यांनी सोमवार धरायचा. वाचणाऱ्याच्या रिजनला कुणी विचारत नाही. एखाद्या प्रोग्रामने तिथे वापरणाऱ्याची सेटिंग वापरली, तर एकाच वर्गाचे दोन विद्यार्थी वेगवेगळ्या रविवारी हजर होतील.

आठवड्याच्या क्रमांकाचेही असेच. आंतरराष्ट्रीय मानकात वर्षाचा पहिला गुरुवार ज्या आठवड्यात येतो तो पहिला आठवडा. अमेरिकी पद्धतीत १ जानेवारी ज्यात येते तो. १ जानेवारी २०२३ हा रविवार एका हिशेबाने २०२२ चा बावन्नावा आठवडा होता आणि दुसऱ्याने २०२३ चा पहिला. यातून प्रोग्राम लिहिणाऱ्यांची एक जुनी चूक जन्मते. वर्ष छापण्यासाठी लहान 'वाय' चारदा लिहायचे असते. मोठे लिहिले की आठवड्याचे वर्ष छापले जाते आणि ते वर्षाचे ३६० हून जास्त दिवस बरोबरच असते. मग डिसेंबरच्या शेवटच्या दोन-तीन दिवसांत, सगळे सुट्टीवर असताना, वर्ष अचानक एकाने वाढते. डिसेंबर २०१४ च्या अखेरीस ट्विटरचे सर्व्हर २०१५ सांगू लागले आणि अँड्रॉइडवरचे अनेक जण खात्याबाहेर फेकले गेले, तो याच जातीचा प्रकार.

आता आक्षेप. पहिला आणि सर्वांत सरळ: सगळ्यांनी वर्ष-महिना-दिवस लिहावे, प्रश्न संपेल. १९८८ मध्ये प्रसिद्ध झालेले आयएसओ ८६०१ हेच सांगते आणि भारतीय मानक ब्यूरोनेही ते आयएस ७९०० या क्रमांकाने स्वीकारले आहे. चार आकडी वर्षाने सुरू होणारी तारीख कुणी उलटी वाचत नाही, आणि फाइलींची नावे त्या क्रमाने ठेवली की आपोआप कालानुक्रमे लागतात. यंत्रांच्या आपसातल्या बोलण्यासाठी, सीएसव्हीसाठी, फाइलींच्या नावांसाठी याला पर्याय नाही. पण लग्नपत्रिका आणि तलाठ्याचा दाखला त्या क्रमाने लिहिला जाईल असे धरून चालणे भाबडेपणाचे आहे. मानक स्वीकारूनही आपल्या पासपोर्टावर जन्मतारीख दिवस आधी छापलेली असते आणि त्याच पानाच्या तळाशी यंत्राने वाचायच्या ओळीत वर्ष-महिना-दिवस या क्रमाने असते. हा दुटप्पीपणा नव्हे. माणसाला एक रीत आणि यंत्राला दुसरी, ही वाटणी तिथे पडद्याआड न ठेवता उघड छापली आहे, एवढेच.

दुसरा आक्षेप प्रोग्राम बनवणाऱ्यांचा: वापरणाऱ्याला छळण्यापेक्षा प्रोग्रामने अंदाज बांधावा, आता तर यंत्रे हुशार झाली आहेत. २२१ दिवसांपुरता अंदाज लागेल, पण तिथे अंदाजाची गरजच नाही. उरलेल्या १३२ दिवसांसाठी आकड्यांत माहितीच नसेल, तर हुशारी ती आणणार कुठून? फार तर आजूबाजूच्या ओळींवरून. संपूर्ण कॉलम पाहून '२५/०३' वरून '०३/०४' चा क्रम ठरवणे हा वाजवी मार्ग आहे, आणि एक्सेलने तो घेतला असता तर एका कॉलममध्ये दोन रिती लागल्याच नसत्या. मात्र दोन माणसांनी दोन रितींनी भरलेला कॉलम असेल तर तोही फसतो. फाइल आणताना पहिल्या काही तारखा महिन्याचे नाव अक्षरांत लिहून दाखवणे आणि 'हे बरोबर आहे का' असे विचारणे, याहून स्वस्त उपाय मला दिसत नाही.

तिसरा आक्षेप भाषेच्या बाजूने येतो आणि तो मला गंभीर वाटतो. वाचताना प्रादेशिक रीत नकोच म्हटले, तर मराठीत तारीख लिहिणाऱ्याचे काय? सीएलडीआरमध्ये मराठीसाठी देवनागरी अंक हे मूळ अंक ठरवलेले आहेत, हिंदीसाठी मात्र इंग्रजी. म्हणून मराठी निवडलेल्या अनेक ठिकाणी तारीख ३/४/२५ अशी देवनागरीत उमटते, आणि ते योग्यच आहे. पण तीच तारीख उचलून दुसऱ्या प्रोग्रामात टाकली की तो बहुधा तिला तारीख म्हणून ओळखतच नाही, कारण वाचणारा भाग लिहिताना इंग्रजी अंकांपलीकडे कुणी पाहिलेले नसते. दाखवायला मराठी येते, वाचायला येत नाही, असा हा एकतर्फी कारभार. त्यावर उपाय म्हणून लोक मराठी सोडून इंग्रजी लावतात. हे वाईट आहे आणि अनावश्यकही, कारण भाषा मराठीच ठेवून अंक तेवढे इंग्रजी मागण्याची सोय सीएलडीआरच्या पद्धतीत आहे. प्रोग्रामांनी ती सेटिंगमध्ये आणून दिली पाहिजे, जशी अँड्रॉइड १४ ने दिली. आणि देवनागरी अंक वाचणे म्हणजे अंदाज बांधणे नव्हे. देवनागरी तीन आणि इंग्रजी तीन यांत कुठलीच संदिग्धता नाही; ती आहे ती क्रमात.

राहिला प्रश्न आधीच उलटलेल्या कॅलेंडरांचा, ज्यांची मूळ फाइल हरवली आहे. तिथे मराठी सवयीची एक गोष्ट मदतीला येते. आपल्या पत्रिकांवर आणि सूचनांवर तारखेबरोबर वार लिहिलेला असतो. 'गुरुवार, ३ एप्रिल २०२५' असे नोंदीच्या वर्णनात असेल आणि नोंद ४ मार्चला पडली असेल, तर तो मंगळवार निघतो आणि चोरी पकडली जाते. ही तपासणी कुठवर पुरते तेही काढता येते. १३२ फसव्या तारखांच्या ६६ जोड्या होतात. त्यांतल्या साठ जोड्यांत तारीख उलटली की वार बदलतो. सहा जोड्यांत बदलत नाही. ३ डिसेंबर आणि १२ मार्च, ५ सप्टेंबर आणि ९ मे, ७ नोव्हेंबर आणि ११ जुलै या तीन जोड्यांचे वार तर दरवर्षी सारखेच येतात, लीप वर्ष असो वा नसो. उरलेल्या तीन जोड्या लीप आणि साध्या वर्षांप्रमाणे बदलतात. शिक्षक दिनाचा कार्यक्रम ९ मेला पडला तर निदान शाळेला सुट्टी आहे हे पाहून कुणी हटकेल. ७ नोव्हेंबरची डॉक्टरांची वेळ ११ जुलैला पडलेली असेल, तर वार जुळतो, क्रम ओळखीचा दिसतो, आणि दवाखान्यात फोन करण्यावाचून ती चूक सापडण्याचा मार्ग नाही.